द्राक्षांचें एक प्रकरण व तें वाचण्याची रीत

व्यापारांतील एखादें प्रकरण आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेविलें, कीं ते बहुधा दोहोंपैकीं एक करितात. धंदा भरभराटला असेल तर मालकाची स्तुति. बुडाला असेल तर कोणाच्या तरी माथीं दोष. गेल्या वर्षीं दहावीच्या वर्गांत आम्हीं २०१० सालीं युरोपांत अडकलेल्या द्राक्षांचें प्रकरण दिलें होतें. वीस मिनिटांत बहुतेक वह्यांत एकच वाक्य उमटलें : शेतकऱ्यांनीं औषध फाजील फवारलें. पिंपळगांवाकडील एका विद्यार्थ्यानें मात्र वही कोरी ठेविली. विचारतां तो म्हणाला, "सर, त्या वर्षाचा हिशेब आमच्या घरीं अजून आहे. बाबा तो कोणाला दाखवीत नाहींत."

तें वर्ष नाशिकच्या बागाईतदारांस कसें गेलें, हें पालकांस सांगावयास नको. मुलांसाठीं थोडक्यांत सांगतों. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटव्यांची वाढ आवरावी व डोळ्यांत घड धरावा, म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड हें द्रव्य वापरण्याची चाल होती. बागांतून त्यास 'सीसीसी' म्हणत. त्याचा अंश वेलींत टिकून राहतो व पुढें फळांत उतरतो. निर्यातीपूर्वीं द्राक्षें प्रयोगशाळेंत तपासलीं जात. परंतु तपासावयाच्या द्रव्यांच्या यादींत हें नांवच नव्हतें. युरोपची मर्यादा होती किलोमागें ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम! माल जहाजानें तिकडे पोहोंचला, तेथें तपासणी झाली, आणि अंश मर्यादेबाहेर निघाला.

चूक कोणाची, हा प्रश्न आम्ही शेवटीं ठेवूं. आधीं तारखा मांडाव्या आणि प्रत्येक तारखेपुढें त्या दिवशीं कोणास काय ठाऊक होतें, तें लिहावें. २००९ च्या एप्रिलांत फवारणी करणाऱ्यापुढें यादी होती, शेजाऱ्याचा अनुभव होता, घडांची आशा होती. २०१० चा निकाल त्याच्यापुढें नव्हता. तो आमच्या मुलांपुढें होता, म्हणून तीं एवढीं शहाणीं ठरलीं. यादी करणारांसही हाच न्याय लावावा. मात्र त्यांस एक प्रश्न अधिक विचारतां येईल : परदेशची मर्यादा कागदावर असतां ती आपल्या यादीशीं ताडून पाहणें कोणाचें काम होतें?

दुसरी गोष्ट, निर्णय करणाराच्या जागीं बसणें. अमेरिकेंत हार्वर्ड येथें १९०८ सालीं स्थापन झालेल्या व्यापारशाळेंत आणि पुढें १९६१ सालीं निघालेल्या अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेंत हीच रीत रूढ झाली. समजा, तुम्ही निर्यातदार आहां. माल परमुलुखांत अडकला आहे, भाडें चढत आहे, बँकेचें कर्ज डोक्यावर आहे आणि ज्यांची द्राक्षें नेलीं, ते दारांत उभे आहेत. माल पडेल भावानें विकावा, नष्ट करावा, कीं दुसरी पेठ शोधावी? शेतकऱ्यांस पैसे द्यावे काय, व कोठून? पुढचें पान उलटण्यापूर्वीं आपला निर्णय आंकड्यांनिशीं लिहावा. आंकड्यांवांचून दिलेलें मत आम्ही तपासणार नाहीं.

मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सविषयीं मुलें हल्लीं उत्साहानें निबंध लिहितात. शेतकऱ्यांची ही कंपनी त्याच संकटाच्या सुमारास उभी राहिली, हें त्यांतील कितीजणांस ठाऊक असेल? विलास शिंदे यांच्या जिद्दीचीं वर्णनें पुष्कळ झालीं. एकेकटा शेतकरी जी जोखीम उचलूं शकत नाहीं, ती अनेकांनीं मिळून कशी उचलावी, हें कोणी मांडलें तर तो निबंध आम्ही आनंदानें छापूं.

परीक्षेंत हें कोठें येतें, असें कांहीं पालक विचारतील. येत नाहीं. परंतु पुढें ज्यांस बाग, दुकान किंवा कारखाना सांभाळावयाचा आहे, अशीं मुलें याच बांकांवर बसलीं आहेत.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांस आम्हीं पत्र लिहिलें होतें. मागील महिन्यांत ते स्वतः वही घेऊन वर्गांत आले. पहिल्या पानावर एप्रिल २००९ मधील छाटणीची मजुरी व औषधांचा खर्च आहे. मुलांनीं तेथूनच वाचावयास आरंभ केला आहे. शेवटचें पान अद्याप कोणी उघडलेलें नाहीं.