अटक म्हणजे निकाल नव्हे

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० तारखेला त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला सांगलीतील एका तरुणास अटक झाली. त्याबरोबर साताऱ्यापासून सांगलीपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर खटला उभा राहिला आणि निकालही लागला. एका बाजूने तो मारेकरी ठरला, दुसऱ्या बाजूने बळीचा बकरा. पुरावा कोणीच पाहिला नव्हता.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात २०१३ पासून संताप साचलेला होता. कोल्हापुरातील वकिलांनी आरोपीचे वकीलपत्र नाकारले, तेही त्याच संतापापोटी. परंतु पानसरे स्वतः श्रमिकांचे वकील होते. अटकेतील प्रत्येकास वकिलाचा हक्क देणारे संविधानाचे २२ वे कलम त्यांच्या मारेकऱ्यांच्या खटल्यातही लागू होतेच.

टपरीवरचा निकाल तत्काळ लागला. न्यायालयाची वाट मात्र लांबली. जून २०१७ मध्ये त्या आरोपीस जामीन मिळाला आणि आरोपनिश्चितीस जानेवारी २०२३ उजाडला. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली. तिघे पुराव्याअभावी सुटले. सूत्रधार कोण, हा प्रश्न उरलाच.

तर्ककुतर्कांनी सूत्रधार सापडत नाहीत. उलट ढिल्या तपासावर पांघरूण पडते. ज्यांनी जन्मभर पुरावा मागायला शिकवले, त्यांच्या अनुयायांनी अफवेवर विसंबू नये. तपासयंत्रणेला जाब विचारावा, साक्षीदारांना बळ द्यावे आणि खटल्याच्या प्रत्येक तारखेवर लक्ष ठेवावे.