हलक्या बुटांची पारख

मुला-नातवंडांनी आणून दिलेले कापडी बूट आज अनेक ज्येष्ठांच्या पायांत दिसतात. त्यांतील एक प्रसिद्ध नमुना, ‘कॉन्व्हर्स ऑल स्टार’, १९१७ साली अमेरिकेत निघाला आणि बास्केटबॉलच्या खेळाडूंमुळे नावारूपास आला. कॅनव्हासचे अंग, सपाट रबरी तळ व बोटांवर रबरी टोपी ही त्याची घडण दीर्घकाळ टिकली. २०१५ साली आत मऊ फोमची गादी असलेली आवृत्ती आली. पुढे तळही हलका झाला. अशी सुधारित जोडी आपण रोज वापरावी काय?

वयोमानाने पाऊल कमी उचलले जाते आणि जड बुटाचे टोक उंबरठ्याला अडते. अशा एका ठेचेने खुब्याचे हाड मोडू शकते. म्हणून हलकेपणा हा खरा लाभ आहे, केवळ विक्रेत्याचे बोलणे नव्हे. मऊपणाचे मात्र तसे नाही. उतारवयात टाचेखालची चरबी पातळ होते, त्यामुळे गादी सुखावह वाटते हे खरे. परंतु तोल सावरण्यासाठी तळपायाला जमिनीचा अंदाज यावा लागतो. जाड, फार मऊ तळात तो अंदाज बुजतो. दुकानात मोहविणारा गुबगुबीत तळच घरी वळताना पाय डळमळवितो. या बाबतीत जुना, कठीण तळ मला उजवा वाटतो.

खरेदी संध्याकाळी करावी. तोवर पाय किंचित सुजलेले असतात. टाचेमागचा भाग चिमटीत सहज चेपता कामा नये. बूट बोटांपाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. रबरी टोपी फारशी ताणत नाही. अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढले असेल, तर अरुंद नमुना टाळावा. घोट्यापर्यंतचा प्रकार वाकणे कठीण असलेल्यांच्या कामाचा नाही. नाड्या सैल सोडून बूट चपलेसारखा ओढण्याची सवय त्यातूनच लागते.

मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून नवा बूट रोजचा करू नये. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा आणि काढताच लाली किंवा फोड आहे काय, हे घरच्यांनी पाहावे.

फोम बाहेरून न झिजताही आतून बसतो. महिन्यातून एकदा बूट समोर ठेवून मागून न्याहाळावा. टाच एका बाजूस कललेली दिसली, तर ती जोडी बाजूला काढावी, कापड कितीही नवे दिसत असले तरी.