विश्लेषण : उकळूनही न जाणारे ‘पीफास’, लोटेच्या पाण्याची तपासणी आताच का हवी?

इटलीतील व्हिचेन्झाच्या न्यायालयाने जून २०२५ मध्ये ‘मितेनी’ या रासायनिक कारखान्याशी संबंधित ११ अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. प्रकरण होते ‘पीफास’ रसायनांनी पाणी दूषित केल्याचे. हा कारखाना २०१८ मध्येच दिवाळखोरीत निघाला होता. त्याची यंत्रसामग्री आणि पेटंट २०१९ मध्ये एका भारतीय कंपनीने लिलावात घेतली. ती यंत्रे आता रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आहेत. यंत्रे आली म्हणजे प्रदूषणही आले, असा निष्कर्ष काढता येणार नाही. पण उद्या ते झालेच तर कळणार कसे?

‘पीफास’ म्हणजे काय?

कार्बन आणि फ्लोरिन यांच्या अतिशय बळकट बंधावर उभी असलेली ही हजारो मानवनिर्मित रसायने. तव्याला डोसा चिकटत नाही, रेनकोटवरून पाणी ओघळून जाते, तेलाच्या आगीवर फेस टिकून राहतो, तो या बंधामुळे. मात्र याच बंधामुळे ती निसर्गात सहजासहजी मोडत नाहीत. म्हणून त्यांना ‘कायमची रसायने’ म्हणतात. ‘पीएफओए’ हे त्यांतले एक कुप्रसिद्ध रसायन. शरीरात गेल्यावर त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला काही वर्षे लागतात.

आरोग्याला धोका किती?

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील ड्युपाँटच्या कारखान्याच्या परिसरात सुमारे ६९ हजार लोकांची तपासणी झाली. न्यायालयीन तडजोडीतून नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीला ‘पीएफओए’चा सहा विकारांशी संभाव्य संबंध आढळला. मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्यांचा दाह, गरोदरपणातील रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये ‘पीएफओए’ला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात ‘पीएफओए’ची मर्यादा ठरवली, लिटरमागे ४ नॅनोग्रॅम. हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही. हिशेब असा, की एक ग्रॅम ‘पीएफओए’ २५ कोटी लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. म्हणजे १० हजार लिटरचे २५ हजार टँकर.

इटलीत कळले कधी?

मितेनीच्या जागेवरील कारखाना १९६० च्या दशकातला. पाण्यातील ‘पीफास’चा बोभाटा झाला २०१३ मध्ये. मधली जवळपास पन्नास वर्षे लोक तेच पाणी पीत होते, त्यावर भाजीपाला पिकवत होते. व्हिचेन्झा, व्हेरोना आणि पादुआ या प्रांतांतील सुमारे साडेतीन लाख लोकांना याची झळ बसली. पुढे मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात आले तेव्हा आया रस्त्यावर उतरल्या आणि खटला लावून धरला. या पाण्याला ना रंग होता ना वास. मेलेले मासे तरंगले की पाणी बिघडले, ही ओळख दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांना वर्षानुवर्षांच्या अनुभवाने पक्की झाली आहे. ‘पीफास’च्या बाबतीत ती उपयोगाची नाही.

मग लोटेत काय मोजले जाते?

औद्योगिक सांडपाण्याच्या नेहमीच्या तपासणीत आम्लता, बीओडी, सीओडी, तेल-ग्रीस, तरंगणारे घन पदार्थ असे घटक पाहिले जातात. ‘पीफास’ यांपैकी कशातही पकडले जात नाही. सामुदायिक प्रक्रिया केंद्रातील जीवाणूंनाही ते मोडता येत नाही. ते पाण्यासोबत पुढे जाते किंवा गाळात साठते. कारखान्याने प्रत्येक नियम पाळला असे गृहीत धरले, तरी ‘सर्व घटक मर्यादेत’ या शेऱ्यातून ‘पीफास’बद्दल काहीही समजणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या ‘आयएस १०५००’ या भारतीय मानकात त्याची मर्यादाच नाही. युरोपीय संघाने २० ‘पीफास’ रसायनांच्या बेरजेवर लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. स्टॉकहोम कराराच्या यादीत ‘पीएफओएस’ २००९ मध्ये आणि ‘पीएफओए’ २०१९ मध्ये आले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२० मध्ये या करारातील ज्या सात रसायनांना मान्यता दिली, त्यांत ही दोन्ही नाहीत.

राष्ट्रीय मानक ठरायला वेळ लागेल. लोटेतील तपासणीला तो लागण्याचे कारण नाही. आसपासच्या गावांतील विहिरी आणि कूपनलिका, प्रक्रिया केंद्राचे आत येणारे व बाहेर पडणारे पाणी, तिथला गाळ, खाडीतील मासे आणि स्वेच्छेने तयार होणाऱ्या रहिवाशांचे रक्त यांचे नमुने आजच घेऊन आकडे जाहीर करायला हवेत. आजचा आकडा नोंदलेला नसेल, तर दहा वर्षांनी कारखाना म्हणेल हे आमचे नाही आणि ग्रामस्थांकडे दाखवायला काही नसेल. उद्योगाचाही यात तोटा नाही. पाणी स्वच्छ निघाले तर तो कागद त्यालाच उपयोगी पडेल. खर्च मात्र ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडू नये. तो उत्पादकाकडून घ्यावा आणि नमुने त्रयस्थ प्रयोगशाळेने उचलावेत.

घरात काही करता येईल?

पाणी उकळून उपयोग नाही. वाफ निघून जाते, रसायन भांड्यात उरते. चांगला सक्रिय कोळशाचा फिल्टर आणि आरओ यांनी प्रमाण बरेच घटते, पण कोळसा वेळेवर बदलावा लागतो. आरओने वेगळे काढलेले ‘पीफास’ही नष्ट होत नाही, ते टाकाऊ पाण्याबरोबर मोरीतून पुन्हा बाहेर जाते.