मेन कॉक बदलण्याआधी

रात्री नळ तुटतो, पाणी उसळते, कोणीतरी मेन कॉककडे धावते आणि कॉक नुसताच फिरत राहतो. असा कॉक त्या रात्रीची वाट न पाहता आधीच बदलून घ्यावा.

चाकाच्या जुन्या कॉकमध्ये एक पाते वर-खाली सरकते. क्षार आणि गंज साचला की ते तळाशी नीट बसत नाही. त्याजागी पितळेचा बॉल व्हॉल्व्ह चांगला. दांडी पाइपच्या रेषेत असली तर पाणी चालू, आडवी असली तर बंद; मुलांनाही हे कळते.

भिवंडीला स्टेम, मुंबई महापालिका आणि वऱ्हाळा तलावाचे पाणी मिळते, पण ते ठरावीक वेळीच येते. त्यामुळे घरात पाण्याच्या दोन वाटा असतात: एक महापालिकेच्या लाइनची, दुसरी गच्चीवरच्या टाकीची. लाइन कोरडी आहे म्हणून पान्हा लावला आणि टाकीचा कॉक उघडा राहिला, तर ५०० लिटर पाणी घरात आणि खालच्या शेजाऱ्यांकडे उतरते. म्हणून दोन्ही वाटा बंद कराव्यात, मग सर्वांत खालचा नळ उघडून पाइप रिकामा करावा.

त्याआधी गिझर, मोटर आणि विजेचा मेन स्विच बंद करावा. जुन्या घरांत अर्थिंगची तार लोखंडी पाइपला बांधलेली असू शकते. तो पाइप सुटताना शॉक बसण्याचा धोका असतो.

काम करताना दोन पान्हे हवेत. एकाने पाइप धरावा, दुसऱ्याने कॉक फिरवावा. नाहीतर गंजलेला पाइप भिंतीतच तुटतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप कॉक आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळावी.

रिकामा पाइप आजूबाजूचे घाण पाणी आत ओढू शकतो. गटाराजवळचे तोंड उघडे ठेवू नये, बूच लावावे. काम झाल्यावर कॉक हळूहळू उघडावा. सुरुवातीचे पाणी बादलीत काढून फरशी धुण्यास वापरावे. स्वच्छ धार आल्यावरच ते पिण्यासाठी किंवा वुजूसाठी घ्यावे.

मीटरच्या आधीचा, रस्त्याकडचा कॉक मात्र परवानाधारक प्लंबरकडेच सोपवावा. लाइन सर्वांची आहे, तिथली चूक पूर्ण गल्ली भोगते.

नवा कॉक दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बंद करून उघडावा, म्हणजे तो जाम होत नाही. आणि तो कुठे आहे, हे अम्मीपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना दाखवून ठेवावे. पाणी फुटेल तेव्हा घरात कोण असेल, हे सांगता येत नाही.