सगळे संगणक एकाच जातीचे नकोत

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण आपल्या ठेवी, पगार आणि दाखले ज्या मशीनमध्ये आहेत त्यांच्याबद्दल आहे, म्हणून वेळ काढून वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. म्हणजे मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट पूर्वीसारखे येत नाहीत. संस्थांना पैसे मोजून ते फार तर तीन वर्षं मिळतात आणि दर वर्षी रक्कम दुप्पट होत जाते. विंडोज ११ वर जायचं तर टीपीएम २.० चिप लागते, प्रोसेसरही त्यातल्या त्यात नवा लागतो. २०१७ च्या आधीची बहुतेक मशीन तिथेच बाद होतात. त्यामुळे मार्च एंडच्या आत खरेदी उरकायची म्हणून पतसंस्था, शाळा, दवाखाने, सगळीकडे कोटेशन फिरतायत. त्यातली काही मी पाहिली. मजकूर साधारण एकच: जुनी सगळी काढा, नवी सगळी एकसारखी बसवा, सर्व्हरही तसाच, बॅकअपचं मशीनही तसंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की सगळं एकसारखं करू नका.

मी काही संगणकातला तज्ज्ञ नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण ही गोष्ट कळायला इंजिनिअर लागत नाही, शेतकरी पुरतो. आपल्याकडे कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ का टाकतात? बोंडअळीनं कपाशी खाल्ली तरी घरात तूर येते. अख्ख्या शिवारात एकच पीक असलं की रोगाला एक बांध ओलांडायचा असतो, मग पुढे सगळं मोकळं.

संगणकात हेच कसं होतं ते पाहा. १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक ही सुरक्षेचं सॉफ्टवेअर देणारी अमेरिकन कंपनी. तिनं एक सदोष अपडेट पाठवलं. हल्ला नाही, व्हायरस नाही, राखणदाराचीच चूक. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातली ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्या देशातही काही विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या अपडेटनं लिनक्स आणि मॅकच्या मशीनना काहीही झालं नाही. याचा अर्थ लिनक्स फार थोर असा नाही. उद्या चूक लिनक्सच्या बाजूला होऊ शकते. मार्च २०२४ मध्ये लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ नावाच्या एका छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरवाट घुसवल्याचं वेळेवर उघड झालं, नाहीतर तिकडेही रडारड झाली असती. मुद्दा असा की दोन्ही एकाच दिवशी, एकाच कारणानं पडण्याची शक्यता कमी असते.

दुसरी गोष्ट आपल्या न्हावाशेवाशी जोडलेली आहे. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ पसरला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर बसली आणि जेएनपीटीमधलं तिच्या समूहाचं कंटेनर टर्मिनलही ठप्प झालं. कोणाचा पासवर्ड काय, कोणाला कशाची परवानगी, याची नोंद ठेवणारे त्यांचे सुमारे दीडशे सर्व्हर होते. एक गेला तर दुसरा आहे, अशी योजना. पण सगळे एकाच जातीचे आणि एकमेकांना जोडलेले, त्यामुळे सगळेच पुसले गेले. वाचला फक्त घानामधला एक. का? तर तिथे नेमकी लाईट गेली होती! त्या एका प्रतीवरून कंपनीनं ४५ हजार पीसी आणि ४ हजार सर्व्हर पुन्हा उभे केले. दीडशे प्रती ठेवूनही वाचवलं ते लोडशेडिंगनं. आपल्या पतसंस्थेनं तेवढ्या नशिबावर राहू नये.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर उद्या कमेंटमध्ये मलाच विचाराल. वेगवेगळ्या सिस्टिम ठेवणं फुकट नसतं. टॅली विंडोजवर चालतं. पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर लिनक्सला मिळेलच याची खात्री नाही. डिजिटल सहीचं डोंगल सरकारी पोर्टलवर चालवताना विंडोजवरच नाकीनऊ येतात, मग दुसरीकडे काय सांगावं. जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइली दुसऱ्या मशीनवर उघडल्या की अगम्य लिपी दिसते, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. शिवाय दोन सिस्टिम म्हणजे दोन ठिकाणचे अपडेट आणि दोन्ही कळणारा माणूस. ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते लिनक्सचं मशीन म्हणजे सुरक्षा नव्हे, उघडं मागचं दार आहे.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेनं सुमारे १५ हजार पीसी लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचं ठरवलं. उलट केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतायत, कारण तिथे ‘काइट’ ही सरकारी संस्था त्याच कामासाठी आहे आणि ती शिक्षकांना प्रशिक्षण देते. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, माणूस तयार करावा लागतो.

म्हणून मी म्हणतोय ते ‘सगळं लिनक्स करा’ असं नाहीच. काउंटरवर विंडोज राहू द्या, लोकांच्या हाताला सवय आहे. पण बॅकअप ज्या मशीनवर जातो ते वेगळ्या सिस्टिमचं असावं आणि त्याचा पासवर्ड काउंटरच्या मशीनपेक्षा वेगळा असावा. आणखी एक प्रत हार्ड डिस्कवर घेऊन, वायर काढून, कपाटात ठेवावी. विंडोज ११ ला न चालणाऱ्या जुन्या मशीनपैकी दोन-तीन चांगली असतील तर ती भंगारात न देता त्यांच्यावर लिनक्स टाका. काउंटर बंद पडले तर निदान ब्राउझर उघडून पत्रव्यवहार तरी चालू राहील.

आणि फक्त सिस्टिम वेगळी केली म्हणजे भागलं असंही नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि तिच्या सेवेवर अवलंबून असलेल्या जवळपास ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. त्या बँकांच्या शाखेत कोणतं मशीन होतं याला तेव्हा काही अर्थच उरला नाही, कारण मागचा पुरवठादार एकच होता. म्हणून कोटेशन पाहताना मशीनबरोबर हेही विचारा की आमचा सगळा डेटा शेवटी कोणाच्या हातात आहे, आणि ते बंद पडले तर आमच्याकडे काय उरतं?

तुम्ही कुठल्या संस्थेचे सभासद असाल, शाळेच्या व्यवस्थापन समितीत असाल, तर येत्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. एक, सगळी मशीन एकाच वेळी बंद पडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी काम कसं चालणार? दोन, बॅकअपवरून डेटा परत आणून शेवटचं कधी पाहिलं? तारीख सांगा. तीन, मेंटेनन्सवाला फोन उचलत नसेल तेव्हा हे सगळं कळणारा आपल्या ऑफिसात कोण आहे?

उत्तर म्हणून फक्त ‘आमच्याकडे अँटीव्हायरस आहे’ एवढंच ऐकू आलं, तर कोटेशनवर सही व्हायच्या आधी बैठक पुन्हा बोलवायला लावा. ठेवी आपल्या आहेत, विचारायचा हक्कही आपलाच आहे. तुमच्या संस्थेत काय उत्तर मिळालं ते खाली लिहा, त्यावर पुढची पोस्ट करतो.