शटरला दिंडी हवी

मुंबई-नाशिक महामार्गाने पडघे ओलांडून वासिंद, आसनगाव, आटगाव असे पुढे जाऊ लागले, अथवा कल्याणहून माळशेजचा रस्ता धरून मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीकडे वळले, म्हणजे जेथे एके काळी भाताची खाचरे आणि त्यांच्या बांधांवरचे पळस तेवढे दिसत, तेथे आता निळ्या पत्र्यांची गोदामे ओळीने उभी दिसतात. आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या दर्शनी भिंतीत ते गुंडाळी होणारे पोलादी दार असते, ज्याला आपण शटर म्हणतो आणि ज्याच्याविषयी, ते अडकून बसेपर्यंत, कोणी क्षणभरही विचार करीत नाही.

मुंबईच्या जकातीने भिवंडीच्या परिसरात वखारींना जो आश्रय दिला, तो 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात उठल्यावरही ओसरला नाही. उलट राज्याराज्यांत स्वतंत्र गोदामे राखण्याचे व्यापाऱ्यांचे प्रयोजनच संपल्यामुळे माल थोड्या पण मोठ्या गोदामांत एकवटू लागला, आणि जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यानंतर शहापूर तालुक्यात हा व्याप वाढणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. गोदाम बांधताना बिनशेती परवान्याचा, रस्त्याच्या रुंदीचा आणि चौरस फुटाच्या भाड्याचा यथास्थित खल होतो. दाराचा मामला मात्र ठेकेदाराच्या अंदाजपत्रकातील एका ओळीत उरकलेला असतो.

गेल्या श्रावणात आसनगावच्या बाजूस एका परिचिताच्या गाळ्यावर जाण्याचा योग आला, तेव्हा बाहेर भर पावसात टेम्पो उभा होता, शटर कमरेइतके वर येऊन थांबले होते, त्याखाली लाकडी ओंडक्याचा टेकू दिला होता आणि हमाल पाठीवर गोणी घेऊन, जवळजवळ गुडघ्यांवर येत, आतबाहेर करीत होते. आतली स्प्रिंग तुटली होती. मालक म्हणे, वापर तुमचा. भाडेकरू म्हणे, वस्तू तुमची. अकरा महिन्यांच्या कराराचे कागद मागवून वाचले, तेव्हा त्या लांबलचक दस्तऐवजात ‘शटर’ हा शब्द एकदाच, आणि तोही नळ, पंखे व दिवे यांच्या पंक्तीस, आढळला. तिसऱ्या दिवशी कल्याणहून मिस्त्री आला. तोपर्यंत तो ओंडका तेथेच होता, आणि तो कोणाच्या जबाबदारीवर उभा होता याचे उत्तर उपस्थितांपैकी कोणापाशीही नव्हते.

ज्याला आपण ओंडक्यावर तोलू पाहतो, त्याचे वजन तरी किती, याचा हिशेब अवघड नाही. सव्वा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा सपाट धरला तरी चौरस मीटरला सुमारे दहा किलो भरतो, आणि पट्ट्यांच्या वळशांमुळे तो त्याहून जड होतो. म्हणजे चार मीटर रुंद व साडेचार मीटर उंच अशा साध्या गोदामी शटराचा भार दोन क्विंटलांच्या घरात जातो. हा भार माणसाच्या हाताला जाणवत नाही तो केवळ वरच्या नळीवरील स्प्रिंगांच्या पिळामुळे. तो पीळ सुटला की आपल्या डोक्यावर दोन क्विंटल पोलाद असते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत 10 चौरस मीटरांवरच्या शटरासाठी साखळीच्या यंत्रणेची वेगळी तरतूद केलेली आहे, ती ठेकेदारांच्या सोयीसाठी खास नव्हे. तरीही अठरा चौरस मीटरांचे दार हाताने ओढण्याचे बसवून चेनपुलीचे पैसे वाचविल्याचे समाधान मानणारे मालक मला भेटले आहेत.

पत्र्याच्या जाडीचा व्यवहार ‘गेज’मध्ये चालतो, आणि येथे भलेभले फसतात, कारण गेजचे गणित उलटे आहे: अठरा गेज म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर, वीस गेज म्हणजे त्याहून पातळ, बावीस तर आणखी पातळ. मोठा आकडा पाहून मोठी वस्तू घेतल्याच्या आनंदात घरी जाणाऱ्या खरेदीदाराला पहिल्या वादळातच त्याचा अर्थ उमगतो. मुंबईसाठी भारतीय मानकाने वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे. त्या वेगाचा दाब, अन्य गुणक बाजूला ठेवले तरी, चौरस मीटरला सुमारे 118 किलो पडतो, म्हणजे आपल्या त्याच अठरा चौरस मीटरांच्या दारावर दोन टनांहून अधिक. पातळ पट्टी अशा वेळी मध्यभागी पोट काढते, तिची टोके बाजूच्या खाचांतून निसटतात, आणि मग आत शिरणारा पाऊस मालाला विचारून शिरत नाही. चौकशी करावयाची ती गेजइतकीच खाचांच्या खोलीची आणि टोकांना बसविलेल्या कड्यांची.

गंजाविषयी तर काय लिहावे! जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ज्या तालुक्यात, वासिंदच्या कारखान्यात, तयार होतो, त्याच तालुक्यात काळ्या पत्र्यावर हलक्या रंगाचा एक हात मारलेली शटरे बसविली जावीत, हा दिव्याखालच्या अंधाराचा उत्तम नमुना होय. गंजाचा आरंभ बहुधा तळाशी होतो: खाचांच्या बुडाशी महामार्गाची धूळ साचते, पावसात तिचा चिखल होतो, आणि तळपट्टी चार महिने त्या चिखलात उभी राहते. तळाची रबरी पट्टी झिजली की उंदरांना राजमार्ग मिळतो. शहापूर व मुरबाड या दोन्ही तालुक्यांत आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदीचे भात जेथे साठविले जाते, तेथे ही किरकोळ बाब नव्हे. खंडेनवमीस यंत्रांबरोबर शटरालाही झेंडूचे तोरण चढते. त्याच दिवशी खाचांतला गाळ काढला, नळीच्या बेअरिंगला ग्रीस दिले आणि वैशाखात, पावसापूर्वी, हेच एकदा पुन्हा केले, तर वर्षाचा बराच बंदोबस्त होतो. परीक्षाही सोपी आहे: खाली कोणी नाही याची खात्री करून, बाजूस उभे राहून शटर निम्म्यावर आणावे आणि हात सैल करावा, ते तेथेच राहिले तर ठीक, खाली घसरले तर स्प्रिंग थकली आहे. स्प्रिंगला हात मात्र जाणत्या मिस्त्रीनेच लावावा. तिच्यातला पीळ मनगट मोडू शकतो.

परंतु मला खरी तक्रार करावयाची आहे ती निराळीच. आपल्या वाड्यांना आणि गडांना महादरवाजे असत, आणि त्या महादरवाजातच एक माणूस वाकून जाईल एवढी दिंडी असे. हत्तीसाठी केलेले दार माणसासाठी उघडावयाचे नाही, एवढा विवेक त्या काळच्या सुतारालाही होता. आजच्या गोदामात मालासाठी दार आहे; माणसासाठी नाही. रात्री शटर पाडून बाहेरून कुलूप घालायचे आणि आत पहारेकरी किंवा कामगार झोपायचे, ही वहिवाट किती सर्रास आहे हे ज्यांनी रात्रीची वसाहत पाहिली आहे त्यांस सांगण्याची आवश्यकता नाही. 9 मे 2019 च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची येथील कापडाच्या दुकानाला आग लागली, तेव्हा आत झोपलेले पाच कामगार मृत्युमुखी पडले. दुकानाला बाहेरून कुलूप होते. राष्ट्रीय इमारत संहिता सुटकेच्या मार्गावर वर सरकणारी वा बाजूस सरकणारी दारे नकोत असे स्पष्ट सांगते, आणि महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे दर जानेवारीत व जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला द्यावा लागतो. पण आग विझविण्याच्या नळकांड्यांवरची तारीख पाहणाऱ्या किती जणांनी कधी आत उभे राहून, शटर पाडवून, ‘आता मी बाहेर कसा पडेन?’ असा प्रश्न स्वतःस विचारला असेल?

विजेवर चालणाऱ्या शटरांनी हा प्रश्न सुटत नाही, अधिक बिकट होतो. कारण आगीत वीज प्रथम जाते, आणि हाताने चालवावयाची साखळी त्या धुरात कोणी शोधावी? म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. गोदामाचा नकाशा मंजूर करणाऱ्या कचेरीने शटराशेजारच्या भिंतीत बाहेर उघडणारे एक साधे दार दाखविल्याशिवाय नकाशावर शिक्का मारू नये. आणि मालक-भाडेकरूंनी आपल्या करारात, नळ-पंख्यांच्या यादीतून शटराला बाहेर काढून, त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावयाचा, वर्षातून दोनदा तपासणी कोणी करावयाची आणि त्या लहान दाराला आतून कडीच असेल, बाहेरून कुलूप कधीही पडणार नाही, अशी तीन कलमे घालावीत. आसनगावच्या त्या गाळ्याच्या नव्या करारात पहिली दोन आली आहेत. तिसऱ्याला मालकाची हरकत आहे, चोरीची भीती म्हणून.