अफू देशात पिकते, मग मॉर्फिनची गोळी जिल्ह्यात का नाही?

पोस्ट थोडी मोठी आहे. पण घरात कॅन्सरचा पेशंट असेल, किंवा कधीकाळी होता, तर शेवटपर्यंत वाचाच.

"आता काही करता येणार नाही, सहन करा." हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं. माझा राग या वाक्यावर आहे. आजार बरा होत नाही ही एक गोष्ट, दुखणं कमी करता येत नाही ही दुसरी. पहिली खरी असू शकते. दुसरी बहुतेक वेळा साफ खोटी असते.

दुखण्याचा निरोप थेट मेंदूत पोचत नाही. वाटेत मज्जारज्जूत एक नाका लागतो, तिथे एक नस दुसऱ्या नसेला निरोप देते. या नाक्यावर ओपिऑइड रिसेप्टर असतात. त्यांना कुलपं समजा. मॉर्फिनची किल्ली तिथे बसली की पुढे जाणारा निरोप क्षीण होतो. हे रिसेप्टर १९७३ साली सापडले. १९७६ साली उंदरांच्या मज्जारज्जूपाशी मॉर्फिन देऊन वेदना दबते हे दाखवलं गेलं आणि १९७९ साली कॅन्सरच्या पेशंटवरही. रोजच्या वापराला तर पाठीत सुईसुद्धा लागत नाही. साधी तोंडाने घ्यायची गोळी मेंदूवर आणि या नाक्यावरही काम करते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी ती सांगितली.

म्हणजे विज्ञान जुनं झालं. कच्चा मालही घरचाच. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत.

मग अडलं कुठे? १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने डॉक्टर आणि केमिस्ट इतके धास्तावले की मॉर्फिन ठेवणंच नको झालं. एका औषधासाठी चार-चार परवाने! पण २०१४ साली कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची परवानगी पुरते. आपल्याकडे ते काम अन्न व औषध प्रशासनाचं. कायद्याची सबब संपली, सवय मात्र गेली नाही.

माझ्या आत्याच्या शेवटच्या महिन्यांत आम्हाला उत्तर मिळालं, "ते औषध आम्ही ठेवत नाही, मुंबईला न्या." जिला कूस बदलता येत नव्हती, तिला मुंबईला न्यायचं!

तुम्ही म्हणाल, अमेरिकेत या गोळ्यांनी हाहाकार केला, त्याचं काय? बरोबर आहे. तिथे कंपन्यांनी साध्या पाठदुखीलाही असल्या गोळ्या खपवल्या. पर्ड्यू फार्माने न्यायालयात दोनदा गुन्हा कबूल केला, २००७ आणि २०२० साली. म्हणून नोंद हवी, देखरेख हवी, डॉक्टरांशिवाय एक गोळीही नको. पण तिथे अति झालं म्हणून इथे कॅन्सरच्या पेशंटने तळमळत मरायचं, हा कुठला न्याय?

आणि घरच्यांनो, "मॉर्फिन सुरू झालं म्हणजे माणूस संपला" हे डोक्यातून काढा. मात्रा नीट असेल तर माणूस झोपतो, दोन घास खातो, नातवाशी बोलतो. बद्धकोष्ठता होते, त्यावर औषध आहे.

केरळात १९९३ साली कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी हे काम सुरू केलं. २००८ साली राज्याने त्यासाठी धोरणच केलं. त्यांना जमलं, मग आपल्याला कोण अडवतंय?

आपल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन तीनच प्रश्न विचारा. मॉर्फिनच्या गोळ्या आज शिल्लक आहेत का? संस्थेला मान्यता आहे का? नसेल, तर अर्ज केलाय का? तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात विचारा. आणि तालुक्याच्या नावासकट उत्तर इथे कमेंटमध्ये टाका. आमदार मतं मागायला येतील तेव्हा ही यादी आपल्या हातात असली पाहिजे.